यादीत नसलेला मीटर

४ मार्च

मॅडमनी आज रीडिंग लिहायला एक वही दिली, तिला दुसरी चिकटून आली. परत द्यायला गेले तर म्हणाल्या, राहू दे गं, लिहीत जा काहीतरी, अक्षर तरी सुधारेल. म्हणून ही वही.

माझं वय तेवीस. शाळा झाली. कॉलेज दीड वर्ष झालं, त्यातलं अर्धं पायऱ्यांवर बसून. मग मी धक्क्यावर पेट्या मोजल्या, फोटो स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या वर केल्या, एका म्हाताऱ्या वकिलाचे तीन कुत्रे फिरवले आणि त्यातला एक हरवला. आठ महिन्यांच्या वर कुठेच टिकले नाही. घरात मला भिंगरी म्हणतात. मागच्या महिन्यात ताईने फोनवर एवढंच विचारलं की बॅग भरलेली आहे का अजून भरायची आहे. आता तिच्याकडे राहते. कंपनीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ताई, भाऊजी, त्यांची सहा वर्षांची चिमणी आणि आता मी, कपाट आणि खिडकीच्या मधल्या फटीत गादी टाकून. खोल्या भाऊजींच्या नोकरीला जोडलेल्या आहेत. नोकरी आहे तोवर खोल्या.

मला काम भाऊजींनीच लावून दिलं. मोठ्या साहेबांना त्यांनी सांगितलं म्हणे, पोरगी एका जागी बसत नाही, पण खोटं लिहीत नाही. हे प्रशस्तिपत्रक आहे की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

५ मार्च

कामाबद्दल लिहायचं काल राहिलंच, कुत्र्यांचंच सांगत बसले.

आमची कंपनी यंत्रं बनवते. मोबाइलच्या पोटात जी चिप असते ती दुसरे लोक बनवतात, त्या लोकांना लागणारी यंत्रं आम्ही. एकेक यंत्र कपाटाएवढं, आत स्टीलची चकचकीत पोकळी. बाहेर पाठवायच्या आधी प्रत्येक यंत्र आठवडाभर खरोखरीचा गॅस सोडून चालवून बघतात. गेटवर मोठा फलक आहे, ‘पाच वर्षांत कार्बन निम्मा’. तीन वर्षं झाली, दोन राहिली. तीन हजार टनांवरून दीड हजारावर यायचं आहे, सध्या एकोणीसशेवर आहोत. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे त्यांनी हे वचन लिहून घेतलंय. पाळलं नाही तर ते यंत्रं दुसरीकडून घेणार. हे सगळं सांभाळणाऱ्या मॅडमना कामगार मागून हिरवी मॅडम म्हणतात. पुढून कोणीच काही म्हणत नाही, कारण त्या दिसल्या की सगळे दिवे बंद करत सुटतात.

माझं काम म्हणजे सकाळी सतरा मीटर वाचायचे, गॅसचे सिलिंडर काट्यावर ठेवून वजन करायचं आणि लिहायचं. चालायचं काम आहे. मला आवडलं.

७ मार्च

सिलिंडरमधल्या गॅसबद्दल मॅडमनी आज अर्धा तास सांगितलं. रंग नाही, वास नाही, विषारीसुद्धा नाही. पण वर हवेत गेला की एक किलो गॅस म्हणजे साडेतेवीस हजार किलो धुराएवढी उष्णता धरून ठेवतो, आणि हजार वर्षं तरी हलत नाही. हजार वर्षं. मी कुठे हजार दिवस टिकलेली नाही.

म्हणून तो बाहेर सोडत नाहीत. चाचणीच्या दालनामागे पत्र्याची शेड आहे, तिथे भट्टी आहे. यंत्रातून निघालेला गॅस पाइपाने भट्टीत जातो, जळतो आणि त्याची खोड मोडते. ही भट्टी नऊ वर्षं भाऊजी सांभाळतात. सिलिंडरच्या वजनावरून गॅस किती वापरला ते मॅडमना कळतं, आणि त्यातला पंच्याण्णव टक्के भट्टीने जाळला असं धरून त्या हिशेब मांडतात.

घरी भाऊजींना विचारलं तर ते हसले. म्हणाले, हा गॅस फुग्यातून ओढला की आवाज अस्वलासारखा होतो. पूर्वी एक ऑपरेटर असाच बोलून दाखवायचा, एकदा बोलता बोलता खाली बसला तो उठेना. चिमणीने मग झोपेपर्यंत अस्वलाचा आवाज काढला.

११ मार्च

भिंतीवर घड्याळाशेजारी भाऊजींचा फोटो आहे, मोठ्या साहेबांशी हात मिळवताना, खाली ‘इंधन बचत – प्रथम क्रमांक’. भट्टीला लागणारं इंधन त्यांनी सहा महिन्यांत नव्वद टक्क्यांनी कमी केलं. मी म्हणाले, भारीच की, कसं काय जमवलं? भाऊजी म्हणाले जमतं, आणि उठून बाल्कनीत गेले. बक्षीस मिळालेल्या माणसाने एवढं लाजू नये. दाढ दुखत असेल.

१३ मार्च

आज भरकटले. यादीतला अकरावा मीटर संपला की बाराव्याकडे उजवीकडून जायचं, मी डावीकडून गेले कारण तिकडे मांजरीने पिल्लं घातली आहेत. चार आहेत, एक पूर्ण काळं. तिथेच, भट्टीच्या शेडच्या मागच्या भिंतीवर, एक पिवळा मीटर दिसला. जुना, काच ओरखडलेली. भट्टीच्या इंधनाचा. यादीत नाही. इंधनाचा आकडा म्हणे खरेदीच्या बिलावरून घेतात, मीटर कोणी वाचत नाही. मला वाईट वाटलं त्याचं. ४८२१३. लिहून घेतला.

१७ मार्च

काळं पिल्लू माझ्या बुटावर झोपलं. पिवळा मीटर ४८२१३.

२० मार्च

४८२१३.

आज जेवताना सहज म्हणाले की भट्टीचा मीटर बिघडलाय वाटतं, आठवडा झाला तिथेच आहे. ताई वाढत होती, तिचा हात थांबला. भाऊजींनी विचारलं, तो मीटर तुझ्या यादीत आहे का?

नाही म्हटलं, पण मी आपली बघते.

ते म्हणाले, “यादीत आहे तेवढं बघावं माणसाने.”

मी म्हणाले यादीत आहे तेवढंच बघितलं असतं तर मी अजून धक्क्यावर पेट्या मोजत असते. कोणी हसलं नाही. माझे विनोद या घरात सकाळी चालतात, संध्याकाळी नाही.

२ एप्रिल

तीन आठवडे होत आले. ४८२१३. आज मी रीडिंगच्या वहीत शेवटी एक ओळ टाकली, ‘भट्टीचा इंधन मीटर बंद पडला आहे, दुरुस्त करावा’, आणि मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी नुसतीच वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, हे तुला कोणी बघायला सांगितलं होतं? मी म्हणाले मांजरीने. मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तू फार कामाची मुलगी आहेस.

मला असं कोणी आजवर म्हणालेलं नाही. वकिलाने सुद्धा, कुत्रा सापडल्यावर. घरी सांगणार होते, पण भाऊजी लवकर झोपले.

३ एप्रिल

मीटरवाला आला. मान वाकडी करून ऐकत होता, डॉक्टर छाती ऐकतात तसा. नळी काढून त्याने पंपाने हवा सोडली तर आकडे टकटक पळाले. म्हणाला, मीटर ठणठणीत आहे. यातून काही जातच नाहीये, तर तो बिचारा काय दाखवणार.

मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझी रीडिंगची वही मागितली. दिवसभर त्यांच्या खोलीचं दार बंद होतं, आणि दिवा चालू.

४ एप्रिल

मीसुद्धा गुणाकार केला. गणितात मी कच्ची, तरी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तेच आलं. या तीन आठवड्यांत सिलिंडरमधला एकतीस किलो गॅस संपला. भट्टी पेटलेली नव्हती. एकतीस गुणिले साडेतेवीस हजार. सातशे अठ्ठावीस टन. अख्ख्या कंपनीचे वर्षाचे एकोणीसशे, आणि हे तीन आठवड्यांचे सातशे. आपण छतावर सौर पॅनेल लावली, दिवे बदलले, कागदी कप बंद केले, त्या सगळ्याने मिळून चाळीस टन वाचले होते.

आणि गंमत अशी की भट्टी बंद ठेवली की कागदावर कार्बन कमी होतो. इंधनाचा धूर हिशेबात धरतात, तो वाचला. गॅस जळलाच असं आधीच धरलेलं असतं. गंमत म्हणजे काय, गंमत नाही ही.

मग डोक्यात दिवा पेटला तो वेगळाच. भट्टी भाऊजी चालवतात.

मी इतकी मूर्ख आहे का? आहे.

६ एप्रिल

मोठ्या साहेबांच्या खोलीत आज आम्ही चौघं होतो. साहेब, मॅडम, भाऊजी आणि रीडिंगवाली म्हणून मी. टेबलावर माझी वही आणि शेजारी भट्टीचं रजिस्टर. रजिस्टरमध्ये दर तासाला एक ओळ. ‘भट्टी चालू. तापमान ठीक.’ खाली भाऊजींची सही. त्यांचं अक्षर काय सुंदर आहे, छापल्यासारखं. दोन वर्षांची पानं, प्रत्येक तास चालू.

साहेबांचा आवाज कधीच चढत नाही. त्यांनी विचारलं, हे अक्षर तुमचं?

भाऊजी हो म्हणाले.

“भट्टी बंद ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

भाऊजींनी साहेबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. साहेबांनीही नजर काढली नाही. खिडकीबाहेर ट्रक मागे घेताना वाजतो तसा भोंगा वाजत होता, तो थांबला. मला वाटलं भाऊजी आता काहीतरी म्हणतील.

“नाही,” ते म्हणाले. “कोणी नाही.”

मला कळेना की ज्या माणसाला कोणी सांगितलं नाही तो असं का करेल. बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागे मागे चालत होते. ते एकदाच वळले आणि म्हणाले, तू घरी जा, ताईला सांग उशीर होईल.

७ एप्रिल

ताईने आज खरं काय ते सांगितलं. चिमणी शाळेत होती. ताई कपड्यांच्या घड्या घालत बोलत होती, मोठं काही सांगायचं असलं की तिला हातात काम लागतं.

भट्टीचं आतलं अस्तर दोन वर्षांपूर्वीच खाल्लं गेलं. हा गॅस जाळला की त्याचं आम्ल होतं, ते अस्तर खातं, दर तीन वर्षांनी बदलायचं असतं. बदललं नाही. तेव्हापासून भट्टीत नुसतं इंधन असलं की ती जळते, गॅस आला की ज्योत पिवळी पडते, फडफडते आणि विझते. विझली की धोक्याची घंटा वाजते आणि चाचणीची सगळी लाइन आपोआप थांबते. एका दिवसात पाच वेळा थांबली होती. भाऊजी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले अस्तर पुढच्या वर्षी बघू, तोवर लाइन थांबता कामा नये. भाऊजी म्हणाले लेखी देतो. साहेब म्हणाले लेखी देऊ नका, लेखी दिलं की तपासणीत दिसतं. मग भाऊजींनी घंटेची तार काढली आणि गॅस भट्टीला वळसा घालून सरळ धुराड्यात सोडला. त्यानंतर सहा महिन्यांनी ते इंधन बचतीचं बक्षीस आलं. ते घ्यायला जाताना त्यांना उलटी झाली होती, ताई म्हणाली, आणि तेव्हा तिला वाटलं बाहेरचं खाल्लं म्हणून.

मी विचारलं, काल मग ते बोलले का नाहीत?

“काय दाखवून बोलतील? सही कोणाची आहे?” ताई म्हणाली. “आणि गप्प राहिलास तर बदलीवर निभावेल, असं काल सकाळी साहेबांचा माणूस सांगून गेला होता.”

मग तिने माझ्या शर्टाची घडी घातली. फार नीट घातली, कॉलर सरळ करून. मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. अस्तर, घंटा, दोन वर्षं, साहेब. त्यांनी ऐकून घेतलं. दार त्यांनीच आधी लावून घेतलं होतं.

त्यांनी विचारलं, याचा कागद आहे का काही? एखादी चिठ्ठी, मेसेज? नाही म्हटलं. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि हळू आवाजात समजावलं. दोन वर्षं धरली तर पंचवीस हजार टन होतात. पंचवीस हजार मांडले तर वचन मोडतं. नुसतं मोडत नाही, दोन वर्षं गिऱ्हाइकाला दिलेले आकडेही खोटे ठरतात. गिऱ्हाईक जातं. इथे साडेतीनशे माणसं आहेत. आणि मोजमाप फक्त तुझ्या वहीतलं आहे, तीन आठवड्यांचं. जे मोजलेलं नाही ते मांडता येत नाही, तसा नियमच आहे.

मी म्हणाले पण झालंय ना ते.

“झालंय,” मॅडम म्हणाल्या. “मला माहीत आहे झालंय.”

त्यांचे डोळे लाल होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण माझं असं होतं की समोरच्याचे डोळे लाल दिसले की माझा राग चप्पल घालून निघून जातो. मी उलट त्यांना पाणी आणून दिलं.

१४ एप्रिल

बदली नाही. भाऊजींना काढलं. पत्रात लिहिलंय, ‘वैयक्तिक निष्काळजीपणा व नोंदींमध्ये फेरफार’. खोल्या तीस दिवसांत रिकाम्या करायच्या. ताईने पत्र दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. भिंतीवरचा फोटो चिमणीने काढला, तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे आता भिंतीचा एक चौकोन इतरांपेक्षा पांढरा आहे.

भाऊजी मला काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. सकाळी चहा मात्र त्यांनीच केला, माझाही.

१७ एप्रिल

बाहेरून तपासनीस आले. गोरेगोमटे, चष्मेवाले, पायात धुळीचे बूट. मला आवडले. त्यांनी यादीबाहेरचा मीटर वाचणारी मुलगी म्हणून मला मुद्दाम बोलावलं. म्हणाले, अशी माणसं प्रत्येक कारखान्यात हवीत. मी ठरवून गेले होते. सगळं सांगायचं म्हणून काल खिडकीत उभी राहून तीनदा घोकलं होतं. साहेब बाजूच्या खुर्चीत होते तरी मी बोलले. म्हणाले की हे तीन आठवडे नाही, दोन वर्षं आहे.

तपासनिसांनी पेन उघडलं. मला वाटलं आता झालं.

त्यांनी विचारलं, दोन वर्षांपूर्वी तू इथे होतीस? नाही. मीटर कधीपासून बघते आहेस? तेरा मार्चपासून. त्याआधी भट्टी बंद होती हे तू स्वतः पाहिलंस? नाही. मग कशावरून? ताईने सांगितलं. ताई कंपनीत आहे? नाही. भट्टीवाला तुझा कोण?

मी सांगितलं.

ते म्हणाले, “समजू शकतो मी.” आणि पेन बंद केलं. चांगल्या माणसासारखंच बंद केलं.

रजिस्टर त्यांनी चाळलं. त्यात दोन वर्षं भट्टी चालू आहे आणि खाली सही आहे, आणि माझ्या वहीत तीन आठवडे बंद आहे. दोन्ही खरं धरलं तर जेवढं उरतं तेवढं त्यांनी लिहिलं. तेरा मार्च ते तीन एप्रिल, एक घटना, दोषी व्यक्तीवर कारवाई पूर्ण. ते टन ‘अपघाती’ म्हणून वेगळ्या रकान्यात गेले. वचनात ते धरत नाहीत.

मी तो मीटर वाचलाच नसता तर? तर भाऊजी नोकरीत असते आणि गॅस जात राहिला असता. वाचला, तर भाऊजी गेले. गॅसचं काय झालं, ते कोणी विचारलंच नाही. मीही नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२३ एप्रिल

मोठ्या साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाले, भट्टीला माणूस हवा आहे, तुझ्यासारखी प्रामाणिक मुलगी सापडायची नाही. खोल्या नोकरीला जोडलेल्या आहेत, माणसाला नाही. तुझ्या नावावर होतील, तुझ्या ताईला हलावं लागणार नाही. माणूस मनाने वाईट नाही हा. चिमणीची शाळासुद्धा त्यांना माहीत होती, इथून किती जवळ आहे ते.

मी म्हणाले विचार करते. ते म्हणाले अवश्य, उद्या सकाळपर्यंत.

ताईला सांगितलं. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने कपाटाच्या वरून उतरवलेल्या रिकाम्या पेट्या परत वर ठेवल्या. हेच तिचं उत्तर होतं. भाऊजी बाल्कनीत होते, त्यांना ऐकू गेलं असणार. दाराची काच उघडी होती.

मी आज खूप चालले. वसाहतीच्या गेटमधून बाहेर, बसचा थांबा, पुढचा थांबा, त्याच्या पुढचा. पाकिटात तिकिटापुरते होते. कुठेही जाता आलं असतं. सहाव्या थांब्यावर चपलेचा अंगठा तुटला, म्हणून परत आले. म्हणजे त्याचमुळे आले असं नाही.

२ मे

पहिला दिवस. घंटेची तार पुन्हा जोडलेली आहे, नियमाप्रमाणे. वळसा घालणाऱ्या पाइपाला लाल पट्टी लावली आहे, ती कोणीही बोटाने सोडवू शकतं. मी भट्टी पेटवली. ज्योत निळी, सरळ, पेन्सिलने काढल्यासारखी. मग दालनातून गॅस आला. पिवळी झाली, फडफडली आणि विझली. घंटा वाजली. लाइन थांबली. दालनातून चार जण धावत आले.

पुन्हा पेटवली. पुन्हा तेच. दुपारपर्यंत सहा वेळा.

मी मॅडमना जाऊन सांगितलं की अस्तर बदलल्याशिवाय हे होणार नाही, लेखी देते. मॅडम म्हणाल्या दे. मी दिलं. त्यांनी माझ्यासमोर शिक्का मारला. खरंच मारला. म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात नक्की. मोठ्या गिऱ्हाइकाची सहा यंत्रं या महिन्यात जायची आहेत, तोवर लाइन बंद ठेवता येत नाही. संध्याकाळी साहेब शेडपाशी आले, आत पाऊलही न टाकता म्हणाले, आधी नऊ वर्षं काही अडत नव्हतं, आणि निघून गेले. मी हे लिहून घ्यायला वही काढली तेव्हा ते कोपऱ्यावरून वळले होते.

५ मे

तीन दिवसांत सतरा वेळा लाइन थांबली. दालनातला एक जण काल म्हणाला, तुझे भाऊजी बरे होते गं. तो चेष्टेने नाही म्हणाला. साहेबांच्या माणसाने ताईला खाली भाजीच्या गाडीपाशी गाठून विचारलं म्हणे, बहिणीला जमतंय का, नाहीतर बघायला हवं दुसरं कोणी.

आज भाऊजी माझ्याशी बोलले. पत्र आल्यापासून पहिल्यांदा. मी गादीवर बसून बुटाची नाडी सोडत होते, ते समोर स्टूल घेऊन बसले. मला वाटलं आता ते सांगतील, सोड ही नोकरी. मी सोडली असती. शपथेवर.

ते म्हणाले, “घंटेची तार मागून काढ, पुढून नको. पुढून दिसते.”

मग त्यांनी मला शिकवलं. शाळेत पाढे शिकवतात तसं, सावकाश, एकेक. लाल पट्टी सोडवून परत कशी लावायची. रजिस्टर एका दमात लिहायचं नाही, दर तासाला लिहायचं, पेन मधे मधे बदलायचं. तापमानाचा आकडा रोज दोन-तीन अंशांनी वेगळा टाकायचा. आणि मीटर. आता तो यादीत आहे, मॅडम रोज वाचायला माणूस पाठवतात, तेव्हा तो हलला पाहिजे. तर जेवणाच्या सुट्टीत, लाइन बंद असते, गॅस येत नसतो, तेव्हा तास दीड तास भट्टी पेटवून ठेवायची. रिकामी. आकडा हलतो.

मी म्हणाले, म्हणजे गॅस तसाच वर जाणार आणि वर इंधनही जळणार?

ते म्हणाले हो.

मी म्हणाले, तुमच्या वेळेपेक्षा वाईट झालं मग हे.

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातून नाडी घेतली आणि गाठ सोडवून दिली, माझ्याच्याने सुटत नव्हती.

१३ मे

वर्षाचा अहवाल आला. गुळगुळीत कागद, हिरवी शाई. चौदाशे ऐंशी टन. मार्चच्या एकोणीसशेमधले उरलेले ‘अपघाती’च्या रकान्यात गेलेत. वचन दोन वर्षं आधीच पुरं झालं. आत एका चौकटीत माझा फोटो आहे, पिवळ्या मीटरशेजारी, खाली ‘आमच्या प्रत्येक कामगाराची नजर’. केस विस्कटलेले आलेत. कामगारांना केक वाटला. मी चिमणीसाठी तुकडा आणला, तिने खाल्ला, ताईने नको म्हटलं, भाऊजी घरी नव्हते. ते हल्ली माझी यायची वेळ झाली की बाहेर पडतात. काम शोधत असतील.

१९ मे

साडेबारा ते दोन. मीटर ४८६९०.

दालन रिकामं होतं, सगळे जेवायला गेलेले. मी शेडमध्ये स्टुलावर बसून डबा खात होते तेव्हा मॅडम आल्या. हल्ली त्या दिवे बंद करत फिरत नाहीत. त्यांनी मीटर पाहिला, रजिस्टर पाहिलं, मग भट्टीच्या छोट्या काचेतून आत पाहिलं, बराच वेळ.

“नीट चालतेय ना?”

मी हो म्हणाले.

त्या म्हणाल्या किती सुंदर जळतेय. खरंच सुंदर जळते. निळी, सरळ, जराही हलत नाही. तिच्यात जाळायला काहीच नसतं म्हणून.